अखेरची उडी, भाग सहावा

५ जानेवारी

मी या चित्रपटसंस्थेचा व्यवस्थापक, वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय चौपन्न, संस्थेच्या दिवंगत संस्थापकांचा धाकटा भाऊ. कचेरीत मला तोंडावर अप्पासाहेब म्हणतात आणि पाठीमागे 'कात्री'. दुसरे नाव मी माझ्या काटेकोरपणाचा गौरव समजतो. ही दैनंदिनी मी एकाच हेतूने लिहावयास घेतली आहे. 'अखेरची उडी' या आमच्या साहसपटांच्या मालिकेचा ऱ्हास कोणामुळे झाला, हे निःसंदिग्धपणे नोंदलेले असावे. म्हणजे उद्या कोणी भलत्याच माणसाकडे बोट दाखवणार नाही.

मालिकेच्या नावावर माझा पहिल्यापासून आक्षेप आहे. ज्या चित्रपटाचे नाव 'अखेरची उडी', त्याला दुसरा भाग असूच कसा शकतो? मी दादाला तेव्हाच विचारले होते. तो नुसता हसला. पुढे तिसराही भाग निघाला, लोकांनी तोही डोक्यावर घेतला, आणि मग दादा गेला. चौथा व पाचवा भाग माझ्या देखरेखीखाली निघाले. त्यांत तर्काची एकही चूक नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

तरीही पाचवा भाग काल चित्रपटगृहांतून उतरला. परवा मी स्वतः दुपारच्या खेळाला जाऊन बसलो होतो. नायक हेलिकॉप्टरमधून नदीत उडी घेत असताना माझ्या पुढच्या रांगेतला एक गृहस्थ चक्क घोरत होता. मी त्यास खांद्याला धरून उठवले. तो म्हणाला, "झाली का उडी? बरं झालं." आणि पुन्हा मान टाकून झोपला! प्रेक्षकांची अभिरुची किती खालावली आहे, याचा यापेक्षा ढळढळीत पुरावा तो काय हवा?

आज वहिनींनी बोलावून घेतले. दादानंतर संस्थेची मालकी त्यांची आहे. चहाचा कप हातात देत त्या म्हणाल्या, "भाऊजी, एप्रिलअखेर काय ते ठरवू. सहावा भाग व्हायचा असेल तर धड होऊ दे. नसेल व्हायचा, तर स्टुडिओची शेड त्या फरशीवाल्याला गोदामाला देऊन टाकते. मी काय जन्मभर रिकाम्या शेडला राखण बसू?"

त्या शेडचे पत्रे दादाने स्वतः शिडीवर चढून ठोकले होते. तिथे फरश्या रचल्या जाणार! मी चहा तसाच ठेवून आलो.

९ जानेवारी

एक सल्लागार आला होता. वहिनींनी बोलावला. तिशीही न गाठलेला, बुटांत मोजे नाहीत, आणि बोलताना दोन्ही हातांनी हवेत पेट्या काढण्याची सवय. त्याचे म्हणणे असे की, आमच्या नायकाला पहिल्याच दृश्यात मारून टाकावे, त्याच्या मुलाला नायक करावे आणि उडी थेट उपग्रहावरून घ्यावी.

मी विचारले, "आमचा नायक लिफ्ट दुरुस्त करणारा कारागीर आहे. त्याचा मुलगा उपग्रहावर कशासाठी जाईल?"

"लिफ्ट बंद पडली म्हणून," पुतणी म्हणाली.

ही माझी पुतणी, दादाची एकुलती एक मुलगी. जाहिरातपट करते आणि सहावा भाग आपण दिग्दर्शित करावा अशी तिची इच्छा आहे. गंभीर बैठकीत अशी थट्टा तिला सुचते कशी? सल्लागाराने मात्र तिचे वाक्य मान डोलावत टिपून घेतले. मी डोक्याला हात लावला.

"अप्पासाहेब, प्रेक्षकाला उंची पाहिजे," तो म्हणाला. "प्रत्येक भागात आधीच्यापेक्षा जास्त उंची. पहिल्यात तुमची उडी किती होती? तिसऱ्या मजल्यावरून! आज कोण बघेल ते?"

"तीच तर लोकांना आठवते," वहिनी म्हणाल्या.

"नॉस्टॅल्जिया," तो म्हणाला, जणू काही रोगाचे नाव सांगावे.

१० जानेवारी

रात्रभर संताप. सौभाग्यवती म्हणाली, "अहो, उशीला कशाला बुक्के मारता? उपग्रहावर जाऊन मारा." माझ्याच घरात ही गोष्ट कोणी पोहोचवली? पुतणीने. काका घरी पोहोचायच्या आत काकूला फोन!

१८ जानेवारी

पुनरुज्जीवनाचा माझा आराखडा तयार झाला. आधीचे पाचही भाग मी पुन्हा पाहिले. दादाच्या तिन्ही भागांत घोडचुका आहेत. पुलावरच्या मारामारीत नायकाचा सदरा भिजलेला, आणि पुढच्या क्षणी कोरडा ठणठणीत! खलनायकाची दाढी एकाच खोलीत वाढते आणि कमी होते. आणि सर्वांत गंभीर बाब म्हणजे प्रत्येक उडीआधी नायक कडेला येऊन नुसता थांबतो. डोळे मिटतो, तोंडाने काही पुटपुटतो, एक पाऊल मागे घेतो. खलनायक पळून चालला आहे, इमारत पेटली आहे, आणि हा उभा!

चौथ्या व पाचव्या भागातून हे थांबणे मी काढून टाकले. त्यात नुसता वेग वाढवण्याचा हेतू नव्हता. त्यामागे एक नाजूक कारण आहे, ते इथे लिहून ठेवतो. नायकाचे काम करणारा नट, ज्यास आम्ही नायकच म्हणतो, प्रत्यक्षात उंचीला घाबरतो. घरातला दिवा बदलायला तो खुर्चीवर चढत नाही, शेजाऱ्याला हाक मारतो. ते थांबणे हा अभिनय नव्हताच; ती खरीखुरी भीती होती, आणि दादाने ती निर्लज्जपणे पडद्यावर दाखवली. साहसपटाचा नायक थरथरतो, हे जगाला कळावे? मी त्या माणसाची अब्रू झाकली. कोणी आभार मानले नाहीत, आणि मीही अपेक्षा ठेवली नाही.

आज त्याला आराखडा वाचून दाखवला. त्याचे वय आता अठ्ठावन्न. गुडघा धरून ऐकत होता.

"अप्पासाहेब, सगळं बरोबर आहे," तो म्हणाला. "फक्त एक विचारू? चौथ्यापासनं तुम्ही मला धाडसी केलंत. ते कशाला?"

"म्हणजे? नायक धाडसीच असावयास हवा."

"तसं नव्हे. आधी पोरं रस्त्यात अडवायची, म्हणायची, 'काका, खरं सांगा, भीती वाटली होती ना?' आता कुणी विचारत नाही. आता म्हणतात, 'तारेला टांगलं होतं ना?'"

मी त्यास सांगितले की रस्त्यावरच्या पोरांच्या मतावर संस्थेचे धोरण ठरत नसते. तो हसला. नटांना मुद्दा कळत नाही, हे मी पूर्वीही पाहिले आहे.

२ फेब्रुवारी

आज एक संतापजनक प्रकार घडला. आमच्या स्टुडिओत एक लहानसे प्रेक्षागृह आहे. तयार चित्रपट बाहेर जाण्यापूर्वी आजूबाजूच्या वस्तीतल्या लोकांना तिथे बोलावून दाखवायचा, ही दादाची पद्धत. पण त्या वेळी दादा स्वतः चित्रपट पाहत नसे! पडद्याच्या खाली स्टूल मांडून, पडद्याकडे पाठ करून, तो प्रेक्षकांकडे तोंड करून बसे. आपलाच चित्रपट न पाहणारा निर्माता मी दुसरा पाहिलेला नाही. एकदा मी विचारले, "तिकडे बसून तुला काय दिसतं?" तर म्हणे, "चित्रपट." अशा उत्तराने कोणाचे समाधान व्हावे?

दादा गेल्यावर ते स्टूल मी तिथून हलवले. अडचणच होती. ते भांडारात पाण्याच्या पिंपाखाली ठेवले, म्हणजे निदान उपयोगी पडले. चौथ्या व पाचव्या भागाच्या वेळी ती चाचणीही मी बंद केली. पाचपन्नास शेजाऱ्यांनी काय मत द्यावे?

आज पाहतो तर पिंप जमिनीवर, आणि वहिनी ते स्टूल पदराने पुसत होत्या.

"वहिनी, हे काय?"

"तुमच्या दादाची जागा," त्या म्हणाल्या. "पिंपाला दुसरं काही तरी बघा, भाऊजी."

त्यांनी ठरवले आहे की सहाव्या भागाची एकच नमुना-उडी चित्रित करायची. सल्लागाराने आपल्या पद्धतीने संगणकावर करावी. पुतणीने आपल्या पद्धतीने, आमच्याच शेडच्या छतावरून. दोन्ही उड्या शेजाऱ्यांना दाखवायच्या. त्यावरून सहावा भाग की गोदाम, ते ठरेल.

"आणि माझा आराखडा?" मी विचारले.

पुतणी म्हणाली, "काका, तुमचा आराखडा म्हणजे पाचवा भाग. तो लोकांनी बघितलाय." मग स्वतःच दुरुस्ती केली, "म्हणजे, बघितला नाहीये."

बापावर गेली आहे. जिभेला हाड नाही.

२७ फेब्रुवारी

या नोंदीची पहिली दोन पाने फाडून टाकली. तरी घडले ते क्रमाने लिहितो.

नमुना-उडीचे चित्रीकरण आज होते. छत तीन मजली उंच, खाली हवेची गादी. नायक शिडीवरून वर गेला. पुतणी खालून भोंग्यावर बोलत होती. कॅमेरे सुरू झाले. तो कडेपाशी आला आणि थांबला. थांबलाच. सूर्य कलू लागला, प्रकाश बदलला म्हणजे सावल्या जुळणार नाहीत, आणि हा उभा! मी पुतणीला म्हणालो, "त्याला सांग." ती म्हणाली, "काही सांगायचं नाही. थांबू दे त्याला."

"कुठवर?"

"त्याचं थांबून होईपर्यंत."

हे ऐकून माझ्या संयमाचा बांध फुटला. कोणीतरी जाब विचारणे आवश्यक होते. मी कोट काढला, घडी करून खुर्चीवर ठेवला आणि शिडी चढलो. इतक्या वर्षांत मी त्या छतावर गेलो नव्हतो. जाण्याचे काही कारणच नव्हते.

वर पोहोचून मी ताडताड त्याच्यापर्यंत गेलो आणि म्हणालो, "हा काय प्रकार आहे? खाली सर्व जण..." असे म्हणताना मी खाली पाहिले.

छताला कठडा नाही! ही अक्षम्य हलगर्जी आहे. जमीन जिथे असावयास हवी तिथे ती नव्हती. फार दूर कुठेतरी होती आणि हलत होती. मी माझ्याच अनुमतीवाचून खाली बसलो. कोणाची तरी बाही माझ्या मुठीत आली. ती नायकाची होती.

"खाली नका बघू, अप्पासाहेब. माझ्याकडे बघा."

"मला बघायचे नाही," मी म्हणालो. "मला उतरायचे आहे."

"मलापण," तो म्हणाला. "तीसेक वर्षं झाली."

"मग तू उतरतोस कसा?"

"दर वेळी स्वतःला सांगतो, ही अखेरची. एकदा एवढी झाली की पुन्हा नाही चढणार, आईशप्पत. तेवढं सांगितलं की पाय उचलतो."

मी म्हणालो, "हे धादांत असत्य आहे. पुढच्या भागात पुन्हा चढतोसच."

"हो, पण त्या वेळी खरं वाटतं ना. बाही सोडा आता. नाहीतर दोघं जाऊ."

मी बाही सोडली. म्हणजे त्याने माझी बोटे एकेक करून सोडवली. मग तो कडेला गेला, डोळे मिटले, एक पाऊल मागे घेतले, पुटपुटला, "ही अखेरची," आणि गेला.

मला उतरवण्यासाठी दिवे वर चढवण्याचा पाळणा पाठवावा लागला. पाळण्यात मी बसून होतो. खाली आल्यावर कळले की मी वर गेल्यापासून एकही कॅमेरा बंद केलेला नव्हता. मी पुतणीला ठणकावले की ते सर्व चित्रण नष्ट झाले पाहिजे. ती डोळे पुसत होती. हसून की कसे, सांगता येत नाही.

"काका, तुम्ही ठीक आहात ना?"

"प्रश्न माझा नाही, कठड्याचा आहे!"

सौभाग्यवतीला हा प्रकार मी सांगणार नव्हतो. घरी पोहोचलो तर तिने दारातच विचारले, "उपग्रह कसा होता?"

११ मार्च

आज चाचणी झाली. प्रेक्षागृह भरले होते. रात्रपाळी संपवून आलेल्या दोघी परिचारिका, एक बसचालक बाई, केस कापणारा, शाळेतले एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या मागे मिळेल तिथे बसलेले बाकीचे.

मला आधीच समजले होते की पुतणीने मला चित्रणातून काढलेले नाही. मी वहिनींकडे लेखी निषेध नोंदवला. त्या म्हणाल्या, "भाऊजी, आज सगळ्यांबरोबर बघा, मग निषेध करा." मी निक्षून सांगितले की स्वतःस कोणाची बाही धरून बसलेले मी पाहणार नाही, त्या पडद्याकडे माझी पाठ राहील. आणि बोलल्याप्रमाणे मी वागलो. उलट्या दिशेने बसता येईल अशी तिथे एकच जागा होती. मी त्या स्टुलावर बसलो. हे निषेधार्थ होते, हे पुन्हा स्पष्ट करतो.

प्रथम सल्लागाराची उडी झाली. पाठीमागून प्रचंड आवाज येत होते, उजेडाचे लोळ भिंतींवर पडत होते. समोर पाहिले तर केस कापणारा आपल्या पुढच्या माणसाच्या मानेवरचे केस न्याहाळत होता. शिक्षक चष्मा पुसत होते. परिचारिकांपैकी एकीने दुसरीला काही सांगितले, ते बहुधा पाण्याच्या बाटलीबद्दल असावे. संपल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या, व्यवस्थित, पाहुण्यांसाठी वाजवतात तशा.

मग दुसरी सुरू झाली. आवाज जवळजवळ नाहीच. नुसता वारा. मला दिसत काही नव्हते. दिसत होती ती फक्त तोंडे. पडद्यावर नायक कडेपाशी आला असावा, कारण बसचालक बाईंनी उजवा पाय पुढे दाबला, जणू तिथे ब्रेक होता. तो थांबला असावा. सगळे थांबले. केस कापणाऱ्याचा हात अर्ध्यावर राहिला. मग माझा आवाज ऐकू आला, "हा काय प्रकार आहे?", आणि हशा पिकला. मी लाजेने जमिनीत जाणार होतो. पण ते हसणे मी समोरून पाहत होतो, आणि माझ्या लक्षात आले की हसताना त्यातल्या प्रत्येकाने शेजारच्याची बाही धरली होती. माझ्यावर हसणारा माणूस शेजाऱ्याची बाही कशासाठी धरील?

"मला बघायचे नाही. मला उतरायचे आहे," माझा आवाज म्हणाला. एक परिचारिका हलकेच म्हणाली, "हो ना हो, बिचारा." शिक्षकांनी दोन्ही हातांनी डोळे झाकले आणि बोटांच्या फटीतून पाहू लागले.

आणि मग सगळे प्रेक्षागृह, कोणी न सांगता, एका सुरात म्हणाले, "ही अखेरची."

हे वाक्य यांना पाठ होते. पहिल्या भागापासून पाठ होते; मी ज्याला नुसते पुटपुटणे समजत होतो, ते हेच. इतकी वर्षे त्यांनी ते कुठे ठेवले होते, कोण जाणे.

तो उडी मारून खाली पोहोचला, हे मला त्यांच्या खांद्यांवरून कळले.

दिवे लागल्यावर वहिनी माझ्यापाशी आल्या. "दिसला चित्रपट?" त्यांनी विचारले.  मी स्टुलावरून लगेच उठलो नाही. प्रेक्षागृहात शिस्तीचा पूर्ण अभाव होता, बोलण्यास बंदी असताना सर्व जण एकत्र बोलले, आणि हे लेखी कळवण्यासाठी शब्द जुळवत मी बसून राहिलो. ते जुळले नाहीत.

१४ मार्च

सहावा भाग होणार. फरशीवाल्याला वहिनींनी नकार कळवला. सल्लागार जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाला, "अप्पासाहेब, तुमचं ते 'उतरायचे आहे', त्याचा काय ग्राफ आहे!" मी हात सोडवून घेतला.

आता नवा जुलूम. पुतणीच्या पटकथेत नायकाबरोबर एक नवे पात्र आहे: उंचीला घाबरणारा, कोट घालणारा एक व्यवस्थापक. प्रत्येक उडीआधी तो नायकाची बाही धरतो. हे पात्र मीच करावे, असा तिचा हट्ट आहे.

"मी नट नाही," मी म्हणालो.

"म्हणूनच," ती म्हणाली. "काका, बाबांनी आपल्या नायकाची भीती पडद्यावर ठेवली होती. कुणीतरी ती कापली. मला ती परत पाहिजे, आणि दुप्पट पाहिजे."

'कुणीतरी' म्हणताना ती माझ्याकडे पाहत नव्हती. खिडकीबाहेर पाहत होती. ते मला जास्त लागले.

मी कडक अटी घातल्या आहेत. माझा सदरा एका चित्रणात कोरडा असेल तर पुढच्यातही कोरडाच असेल. कोटाची बटणे जितकी लावलेली, तितकीच राहतील. आणि छताला कठडा बसवला जाईल. पहिल्या दोन मान्य झाल्या. तिसरीवर पुतणी म्हणाली, "कठडा बसवला तर उडी कुठून मारायची?" माझा आक्षेप मी लेखी नोंदवला असून तो कायम आहे.

२३ एप्रिल

चित्रीकरणाचा पहिला दिवस. ढग आला आहे म्हणून सर्व जण थांबले आहेत, आणि वेळ वाया जाऊ नये म्हणून मी ही नोंद इथेच, छतावर, बसून लिहितो आहे. उभे राहून लिहिणे शक्य नाही.

ज्या हेतूने ही दैनंदिनी सुरू केली, तो अपूर्ण राहिला हे प्रामाणिकपणे नमूद करतो. ऱ्हास कोणामुळे झाला, या प्रश्नाखालची जागा मी कोरी ठेवत आहे. चौकशी तूर्त स्थगित. चौकशी करणाराच चित्रीकरणात गुंतला असल्याने दुसरा इलाज नाही.

नायक शेजारी बसला आहे. त्याचा चेहरा पांढराफटक आहे, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे माझाही. त्याने आत्ताच आपली बाही माझ्याकडे सरकवून ठेवली, जणू खुर्ची पुढे करावी.

एकदा मी खाली पाहिले. फक्त एकदाच. फाटकाशी वस्तीतले लोक जमले आहेत; ती बसचालक बाई गणवेशातच उभी आहे. त्यांच्यासमोर, आमच्याकडे पाठ करून, कोणीतरी स्टुलावर बसले आहे. वहिनी आहेत. त्या वर एकदाही पाहत नाहीत. त्या लोकांची तोंडे पाहत आहेत.

ढग सरकतो आहे. पुतणीने भोंगा उचलला. नायक विचारतो, "अप्पासाहेब, पुन्हा नाही ना चढायचं?"

मी त्यास, आणि या दैनंदिनीस, निक्षून सांगितले आहे की नाही, ही अखेरची.

अप्पासाहेब, व्यवस्थापक
(कचेरीत : कात्री)
स्थळ : स्टुडिओचे छत, कठडा अद्याप नाही
२३ एप्रिल